उजव्या झाकणाची खाच

पप्पांची मोटरसायकल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. ती जिथे जिथे उभी राहिली तिथे तिने खाली तेलाचा एक डाग सोडला. वसईजवळच्या गिरीजच्या आमच्या घराच्या शेडमध्ये, चर्चच्या आवारात, मावशीच्या अंगणात. मावशी तर गाडीचा आवाज ऐकला की आधी गोणपाट घेऊन बाहेर यायची, गाडीखाली अंथरायची, आणि मग आम्हाला 'या' म्हणायची.

तेल गळायचं ते उजव्या बाजूने. किकचा दांडा ज्या मोठ्या झाकणातून बाहेर येतो, त्या झाकणाच्या खालच्या कडेतून. थेंब सायलेन्सरवर पडायचा, त्याचा धूर व्हायचा, आणि मागे बसणाऱ्याच्या उजव्या पायाला वास लागायचा. माझ्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यांमधला उजवा मोजा कायम पिवळट असायचा.

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर एवढं हसू आलं नसतं. पण पप्पा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. तिथे केसाच्या जाडीला 'ढोबळ' म्हणायचे, असं ते सांगत. घरात दाराची कडी जरा सैल झाली तरी त्यांना झोप लागायची नाही. अशा माणसाची गाडी चाळीस वर्षं गळत होती, आणि त्याचं कारण विचारलं की पप्पांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तो चांदीपवाला."

गोष्ट अशी, की मी बालवाडीत असताना पप्पा दोन वर्षं आखातात नोकरीला होते. ते तिकडे असताना गाडीची किक बिघडली. घरच्यांनी एका मेकॅनिकला बोलावलं. तो मूळचा चांदीपचा, पण तेव्हा वसई स्टेशनजवळच्या एका गॅरेजात कामाला होता. त्याने झाकण नीट न काढता कडेत पेचकस घातला आणि उचकटलं. झाकणाच्या कडेला खाच पडली आणि तिथून तेल गळायला लागलं.

"उचकटलं!" पप्पा दोन्ही हातांनी करून दाखवायचे. "अरे, अॅल्युमिनियम आहे ते, नारळ नाही!"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पाहुण्यांसमोर, लग्नात, एकदा तर बारशाच्या जेवणात. आई तेव्हा जवळच असायची, मोगऱ्याच्या कळ्या निवडत किंवा पाव कापत. ती कधी हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

इथे एक सांगून टाकते. घरात आम्ही आमच्या गावच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेरच्या माणसाच्या शेजारी बसून मला ती समजवावी लागेल. म्हणून इथे मी आईपप्पांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावलं आहे. आईला हे आवडणार नाही. ती म्हणेल, मी अशी सरकारी कधी बोलते?

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वीस वर्षं फळ्यावर इंजिनाची आकृती काढते आणि बाण दाखवते, पण खरं इंजिन कधी उघडून पाहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेडमध्ये गाडीवरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं आणि पप्पांना म्हटलं, "आपण हिचं इंजिन पूर्ण खोलू या. नाताळपर्यंत चालू करू."

पप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हात थरथरतो, पण जीभ थरथरत नाही. म्हणाले, "आपण म्हणजे कोण?"

"हात माझे, डोकं तुमचं."

"आणि शिव्या?"

"त्या तुम्हाला कुठे शिकवायला लागतात?"

मी राहते नायगावला, अकराव्या मजल्यावर. तिथे इंजिन खोललं असतं तर सोसायटीने मलाच खोललं असतं. त्यामुळे सुट्टी संपल्यावरही दर शनिवारी-रविवारी मी स्कूटर काढून गिरीजला जायची. शेडमध्ये पप्पांची खुर्ची, माझा पाट, मध्ये जुनं दार टेकवून केलेलं टेबल. मी काढलेला प्रत्येक स्क्रू पप्पा पुठ्ठ्यावर खोचून ठेवायला लावत आणि त्याच्याखाली मला लिहायला लावत. माझं अक्षर बघून म्हणाले, "हिच्या विद्यार्थ्यांना पास कोण करतं?"

उजव्या झाकणाची पाळी आली तेव्हा मी पेचकस हातात घेतला नव्हता, नुसतं त्याच्याकडे बघितलं होतं. पप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "ठेव! ठेव तो खाली!" मग त्यांनी मला लाकडी हातोडी दिली. झाकणाच्या कडेने हलके हलके टोले मारत फिरायचं, एका जागी थांबायचं नाही. तिसऱ्या फेरीला 'चक' असा आवाज झाला आणि झाकण आपण होऊन सुटलं. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली, झाकणाकडे बघितलं आणि लगेच आत गेली.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाचं पॅकिंग असतं. जुनं पॅकिंग दोन्हीकडे चिकटून काळं कडक झालं होतं. ते काढायला पप्पांनी मला बांबूची चिपाटी तासून दिली, लोखंडाचं काही वापरू दिलं नाही. थिनर लावायचं, थांबायचं, खरडायचं. दोन तासांनी खालचा धातू चमकायला लागला आणि खालच्या कडेला, मागच्या बाजूला, दोन स्क्रूंच्या भोकांच्या मधोमध, ती खाच दिसली. इतकी वर्षं नुसती ऐकली होती. बोटाच्या पेराएवढी लांब, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आरपार. तिच्यात पप्पांनी कधीतरी शेलॅकची लाख आणि सुताचा दोरा भरलेला होता. तेल त्यातूनही वाट काढत होतं. समोर इंजिनाच्या कडेवरही एक बारीक चरा होता, पण तो वरवरचा.

"बघ," पप्पा म्हणाले. "चांदीपवाला."

त्याच दिवशी किकची स्प्रिंगही दमलेली निघाली. मी विचारलं, ही आता कुठे मिळेल? पप्पांनी जुनी स्प्रिंग बोटांत फिरवली. मग केळीच्या वाडीकडे बघत म्हणाले, "मिळाली तर त्याच्याकडेच मिळेल."

"कोणाच्याकडे?"

"चांदीपवाल्याच्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याला चाळीस वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याकडे सुटे भाग मागायचे? पप्पा म्हणाले, "माणूस वेगळा, स्प्रिंग वेगळी."

पुढच्या शनिवारी मी स्कूटरवरून चांदीपला गेले. हायवे ओलांडून पूर्वेला लागलं की रस्ता हळूहळू शेतात शिरतो. भात कापून झाला होता. घर सापडायला वेळ लागला नाही. हे चांदीपवाले काका आता शेती करतात, पण पडवीत जुन्या गाड्यांच्या भागांची एक लोखंडी पेटी अजून आहे. मी कोणाची मुलगी ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मला ओशाळल्यासारखं झालं.

"गिरीजवाल्यांची पोर! बस, बस. पानी घे आधी."

त्यांनी पेटी उपसली. स्प्रिंग मिळाली, तेलकट कागदात गुंडाळलेली, नवी कोरी. देता देता म्हणाले, "तुझ्या आयशीसारखी मानसं नाय आता. दर नाताळाला सुकेळी येते. एक वर्ष चुकलं नाय."

सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी. आई दर वर्षी घरच्या केळ्यांची करते आणि केळीच्या सुक्या पानात घट्ट बांधून ठेवते. पण ही सुकेळी चांदीपला जाते हे मला माहीत नव्हतं.

"कोण आणून देतं?" मी विचारलं.

"तुझे पप्पा. सोता येतात. हातात देतात, चाय पितात, जातात. एकदा इचारलं, हे कशासाठी? तर म्हनाले, बायकोचा नवस हाय."

मग मी ते झाकण, ती खाच, असं काहीतरी चाचरत विचारलं. काका हसायला लागले. "ते झाकन? मी कधी खोललंच नाय. तुझे पप्पा कोनाला हात लावू देतात का त्या गाडीला?"

परतीच्या वाटेवर मला खूप मजा वाटत होती. सगळं जुळत होतं. खाच पप्पांनीच पाडलेली, आखाताची गोष्ट नुसती वर रचलेली. टूलरूमचा माणूस, स्वतःच्या गाडीत पेचकस घालून बसला आणि नाव टाकलं दुसऱ्यावर. मग मनाला लागलं म्हणून दर नाताळाला सुकेळी. नवस म्हणे! गुन्हेगाराला कसं पकडायचं याची मी स्कूटरवर तालीम करत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून आम्ही तिघं घरी आलो. आई शेडलगतच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलायला बसली, पप्पा शेडमधल्या खुर्चीत. मी टेबलावर झाकण ठेवलं.

"पप्पा, काका म्हणाले की त्यांनी हे झाकण कधी उघडलंच नाही."

पप्पांनी चष्मा काढून पुसला. "तो म्हणणारच."

"आणि सुकेळी?"

"नाताळ असतो. चर्चमध्ये काय शिकवतात? क्षमा करा."

"दर वर्षी? पानात बांधून?"

पप्पांनी चष्मा परत पुसला. मी त्यांची हत्यारांची कापडी गुंडाळी उलगडली. त्यात लाल मुठीचा एक रुंद पेचकस आहे, त्याचा एक कोपरा तुटलेला. मी तो खाचेत धरला. पातं बरोबर बसलं. तुटलेल्या कोपऱ्याच्या जागी खाचेतसुद्धा धातूचा एवढासा उंचवटा राहिला होता.

"हा कोणाचा?"

"माझा."

"कुठे असतो?"

"आतल्या कपाटात."

"तुम्ही आखातात होतात तेव्हाही तिथेच, कुलपात? मग काकांच्या हाती कसा लागला?"

पप्पा वाडीतल्या केळींकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. मीच केलं. लिही त्या पुठ्ठ्यावर."

मी विजयाने आईकडे वळले. आईने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं होतं.

"खोटं बोलू नका," ती पप्पांना म्हणाली. "आत्ता चर्चमध्ये कम्युनियन घेऊन आलात."

मला काही कळेना. आई पदराने हात पुसत होती, शेंगा सोललेल्या हातांना पुसायला काही नसताना.

"मी केलं ते," ती म्हणाली. "यांनी पत्रातून लिहिलं होतं, गाडी आठवड्यातून एकदा चालू करायची, नाहीतर इंजिन जाम होईल. यांच्या भावाला सांग, म्हणे. तो कुठे येतोय? पहिले दोन महिने मी निरोप पाठवले. मग मीच चालू करायला लागले."

"तू किक मारायचीस?" मी विचारलं.

"मग काय, ढकलत होते? तू झोपलीस की दुपारी शेडमध्ये जायची. दोन-तीन किकमध्ये चालू व्हायची माझ्या हातून. यांना पाच लागतात."

पप्पांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"एक दिवस किक खाली गेली ती वर आलीच नाही. लोंबत राहिली. मी घाबरले. यांना मी स्प्रिंग बदलताना पाहिलं होतं, स्क्रू काढायचे की झाकण निघतं. स्क्रू काढले. झाकण निघेना. मी हा पेचकस घातला आणि..." आईने पप्पांसारखेच दोन्ही हात केले. "आत बघितलं तर काहीच कळेना. परत लावलं. खालून तेल यायला लागलं. मग खाचेत साबण भरला."

"साबण?"

"कपड्यांचा. पिवळा. आणि यांना पत्रात लिहिलं की चांदीपच्या मेकॅनिकला बोलावलं होतं. तो तेव्हा स्टेशनजवळ असायचा, त्याचंच नाव सुचलं. आता दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला काय आठवणार आहे, असं वाटलं. आले तेव्हापासून रोज तेच! बिचाऱ्या माणसाने काही केलेलं नाही. म्हणून मग सुकेळी."

वाडीत पाट सोडलेला होता, त्याचं पाणी वाहत होतं. मग पप्पा शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तूच केलंस ते."

"कधीपासून?"

"आलो त्या दिवसापासून. गाडी धुतली तर इंजिनातून फेस आला. कुठला मेकॅनिक साबण भरतो? आणि कपाटाची चावी तुझ्या कमरेला."

मला वाटलं होतं आई विरघळेल. इतकी वर्षं नवऱ्याने आपलं झाकलं, एक शब्द बोलला नाही, असं काहीतरी. आई उठून उभी राहिली. इतकी चिडलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे.

"माहीत होतं? आणि माझ्यासमोर त्या माणसाला शिव्या घालत बसलात?"

"तूच लिहिलं होतंस ना, चांदीपवाल्याने उघडलं म्हणून. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला."

"मी तीन फादरांपुढे कबुली दिली! एक बदलून गेले की दुसरे!"

"मला एकदा सांगायचं होतंस. मी दर वेळी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, आज बोलेल. परत गोष्ट सांगितली, म्हटलं, आता तरी बोलेल."

"मुद्दाम सांगत होतात?"

"सुरुवातीला मुद्दाम," पप्पा म्हणाले. "नंतर सवय लागली."

आई आत गेली. आतून भांडी नेहमीपेक्षा जोरात लागल्याचा आवाज आला. मी पप्पांना हळूच विचारलं, "दोन दिवसांचं काम होतं हे. तुम्ही टूलरूममध्ये होतात. का नाही नीट केलंत?"

पप्पांनी पेचकस गुंडाळीत परत सरकवला. "नीट केलं असतं तर विषयच संपला असता."

"आळस!" आतून आई ओरडली. "दुसरं काही नाही!"

यातलं खरं कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई त्या दिवशी दुपारपर्यंत पप्पांशी बोलली नाही. जेवणं झाल्यावर मात्र ती शेडमध्ये आली, पाट ओढून बसली आणि मला म्हणाली, "आता काय करायचं असतं याचं?"

मी तयारी केली होती. इमारतीतल्या एका शेजाऱ्याने जेवणाचं टेबल बदललं होतं, त्याची जाड काच मी मागून आणली होती. काच सपाट असते, तिच्यावर झाकण पालथं ठेवलं की कुठे उंच, कुठे खोल ते कळतं. पप्पांनी काच टिचकी मारून ऐकली, जणू फणस घ्यायला आले होते. झाकणाला लावायचा निळा रंग त्यांच्याकडे होता, पण ट्यूब दगड झाली होती. आईने कपड्यांची नीळ आणून दिली. ती तेलाच्या चार थेंबांत खलून आम्ही काचेवर पातळ पसरली आणि झाकण वर ठेवलं. झाकण डुलायला लागलं.

"वाकडं झालंय पूर्ण," मी घाबरून म्हटलं.

पप्पा नुसते बघत राहिले, वर्गात मी बघते तसे. मग म्हणाले, "बाई, कोपऱ्यातल्या दोन पिना काढायच्या राहिल्यात. झाकण त्यांच्यावर उभं आहे."

आई हसली. सकाळपासूनचं पहिलं हसू, तेही माझ्यावर.

पिना काढल्यावर झाकण नीट बसलं. उचललं तर कडेवर सगळीकडे निळा रंग पुसट लागला होता, पण खाचेच्या दोन्ही बाजूंना दाट. पप्पांनी समजावलं: पेचकसाने धातू नुसता खोल जात नाही, बाजूला फुगतो. खाच भरली आणि फुगवटे तसेच ठेवले तर पॅकिंग तिथे कधीच बसणार नाही. "आधी डोंगर उतरवायचे, मग दरी भरायची." सपाट कानशीने मी ते उतरवले. प्रत्येक दोन हातांनंतर पप्पा 'बस' म्हणत. मी अजून एक मारला की 'बस म्हणजे काय ते फिजिक्समध्ये नाही का?' इंजिनाकडच्या बारीक चऱ्याचा उभार तर त्यांनी मला बोटाच्या जोरानेच घासायला लावला.

मग खाच थिनरने धुतली, आतून जरा खरवडली. त्यात भरायची ती धातूची भुकटी घातलेली लांबी, म्हणजे पुट्टी; दोन नळ्यांमधून सारख्या मापाने घेऊन कालवायची. मी कालवली आणि भरायला घेणार, तेवढ्यात आईने माझ्या हातातून पट्टी घेतली.

"मी पाडलीय. मीच भरते."

पप्पा म्हणाले, "हवा राहू देऊ नकोस आत. दाबून भर. आणि काठापेक्षा वर राहू दे."

"चाळीस वर्षं भाकरी थापतेय," आई म्हणाली. "हवा मला शिकवू नका."

तिने ज्या तऱ्हेने ती भरली ते बघण्यासारखं होतं. कोपऱ्यापासून सुरू करून थोडी थोडी दाबत, पट्टी प्रत्येक वेळी पुसत. पप्पांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पप्पांच्या बाबतीत ते प्रमाणपत्रच.

ती सुकायला पूर्ण दिवस लागतो. मी पुढच्या शनिवारी येणार होते. मध्ये पप्पांनी तिला हात लावू नये म्हणून आईने झाकण देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

शनिवारी घासायचं काम. काचेवर पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर चिकटवला, वर रॉकेलचा हात फिरवला. झाकणाच्या कडेवर मी पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की कड सपाट झाली. झाकण पालथं ठेवून आठच्या आकड्यात फिरवायचं, म्हणजे एकाच बाजूला जास्त घासलं जात नाही. मी फिरवायला लागले.

"हे काय करतेस?" पप्पा म्हणाले.

"आठ काढतेय."

"इंग्रजी आठ काढ. मराठी काय काढतेस, एक बाजू उघडीच राहिली!"

मग मी इंग्रजी आठ काढले. वीस आठ, उचलून बघायचं, पुसायचं, झाकण थोडं वळवून पुन्हा वीस. दाब द्यायचा नाही, झाकणाचं वजन पुरे. खाचेवरची लांबी हळूहळू खाली आली. पेन्सिलीच्या रेघा गेल्या, पण पुढच्या एका स्क्रूजवळ एक रेघ हट्टाने राहिली. माझे खांदे भरून आले होते. मी म्हटलं, एवढी राहू दे. दोघांनी एकदम "नाही" म्हटलं. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, म्हणून मी निमूट अजून चाळीस आठ काढले. शेवटची रेघ गेली. बारीक पेपरवर अजून थोडं, मग धुऊन पुसून मी डोळे मिटून खाचेवरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. डोळ्यांना तिथे राखाडी पट्टा दिसत होता, नखाला मात्र पत्ता लागला नाही.

आता नवीन पॅकिंग कापायचं होतं. पण त्याआधी आईने जाहीर केलं की चांदीपला जायचं आणि त्या माणसाला सांगायचं.

पप्पांना हे अजिबात पसंत नव्हतं. "काय सांगायचं? त्याला माहीतच नाही की त्याने बिघडवली. मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही."

"तरी सांगायचं."

रविवारी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. आईने चांगली साडी नेसली होती. काकांच्या पडवीत बसून तिने पाण्याचा पेला हातात धरूनच सगळं सांगितलं. किक, पेचकस, साबण, पत्र, आणि पप्पांनी वसईभर सांगितलेली गोष्ट. काकांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. पप्पा भाताच्या कणगीकडे बघत होते.

"म्हनजे," काका सावकाश म्हणाले, "तवा गॅरेजात गिऱ्हाईक कमी झालं होतं, ते यानं."

पप्पांनी हातातला पेला खाली ठेवला. "मी... तसं नाही..."

काकांनी त्यांना पुरतं एक मिनिट तसंच ठेवलं. मग गुडघ्यावर थाप मारून हसायला लागले. "मस्करी केली! गिऱ्हाईक कवा कमी झालं? उलट मानसं यायची नि इचारायची, तो गिरीजवाल्याचा मेकॅनिक तूच का?"

मग त्यांनी पेटीतून पॅकिंगचा कागद काढून दिला आणि मला कापायची रीत सांगितली. कागद झाकणावर धरायचा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत जायचं. झाकणाची कडच कागद कापते. कात्री लावायची नाही. पप्पा म्हणाले, "हे मी तिला सांगितलंय." सांगितलं नव्हतं.

नाताळच्या आठवडाभर आधी इंजिन जोडून झालं. उजवं झाकण मी लावलं, स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत. गाडी अर्थातच माझ्याकडून चालू झाली नाही. मी नऊ किक मारल्या. पप्पांनी पेट्रोलचा कॉक बघायला सांगितला. तो बंद होता. उघडल्यावर दुसऱ्या किकला ती धुराचा लोट सोडत उठली आणि शेजारची दोन कुत्री वाडीत पळाली. आई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, ये, तू मार एकदा. ती म्हणाली, गुडघ्यांना विचारून सांगते.

गाडीखाली आम्ही एक पांढरा पुठ्ठा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दात घासायच्या आधी शेडमध्ये गेले होते. पुठ्ठ्यावर फक्त एक झुरळ होतं.

पुढच्या रविवारी मी आईला मागे बसवून मिस्साला नेलं. ती एका बाजूला पाय टाकून बसली, माझ्या खांद्यावर एक हात. प्रत्येक गतिरोधकाला "हळू" म्हणाली आणि सरळ रस्ता लागल्यावर म्हणाली, "एवढी हळू काय चालवतेस?" पप्पा शेजाऱ्यांच्या गाडीतून आले होते.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चार-पाच जण मोटरसायकलभोवती जमले. पप्पा मध्ये उभे राहून खाचेची गोष्ट सांगत होते. या वेळी त्यात चांदीपवाला नव्हता. आईही नव्हती, मीही नव्हते. "आम्ही काच आणली," ते म्हणत होते, "आम्ही निळीत बघितलं, मग आम्ही ती इतकी सपाट केली की केससुद्धा जाणार नाही." कोणीतरी विचारलं, एवढं सगळं या वयात तुम्ही केलं? पप्पांनी विनयाने मान हलवली.

आईने माझ्याकडे पाहिलं. "चल," ती म्हणाली, "मटण गॅसवर चढवायचंय." मी गाडी चालू केली आणि पप्पांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं.